दहाव्या दिवसाची लस

बाबा,

गेल्या आठवड्यात मंगळवारी अमरावतीत मी पुन्हा तुमच्याविषयी बोललो. कापूस बाजारामागच्या मोकळ्या जागेत सभा होती आणि विषय नेहमीचाच होता: सरकार आपल्याकडून पट्टी घेतं ती जाते कुठे, सडकेवर किती, शाळेवर किती, दवाखान्यावर किती. हे भाषण मी इतक्या वेळा केलं आहे की कोणत्या वाक्याला लोक पुढे सरकतील आणि कोणत्या वाक्याला मागच्या रांगेतले विडी विझवतील, ते मला आधीच कळतं. शेवटाकडे मी तुमची गोष्ट सांगतो. देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा, एक म्हातारा सरकारी नोकर, पायी गावोगाव फिरणारा. कापसाच्या तेजीत सरकारने त्याला एक बैलगाडी दिली नाही आणि वर मेलेली लस पाठवली. त्या लसीने एका गावातली लेकरं वाचली नाहीत, आणि शिक्षा झाली ती म्हाताऱ्याला. इथे मी थांबतो. टाळ्या लगेच पडत नाहीत, जरा वेळाने पडतात. त्या उशिराच्या टाळ्यांची मला सवय झाली आहे.

सभा उठल्यावर एक माणूस थांबून राहिला. चाळिशीच्या आतबाहेरचा असेल, गाडीत कापूस घेऊन आलेला, तोंडभर देवीचे वण. त्याने बंडीची बाही वर करून मला दंड दाखवला. दंडावर टोचल्याच्या तीन खुणा होत्या. एकाच माणसाच्या अंगावर देवीही आणि देवी काढल्याची खूणही.

“तिवस्याच्या अलीकडचं गाव आमचं,” तो म्हणाला. “तुमी भाषणात सांगता ना, तेच गाव. हे तुमच्या बाबाच्या हातचं काम.”

तोच पुढे म्हणाला, “बरं झालं तुमी सांगतलं. आमाले तं वाटे मातामाय कोपली. आता समजलं, सरकारी लसच खोटी. माही पोरगी आठ महिन्यांची आहे. टोचणारा दोन खेपा येऊन गेला. म्या पोरीले दारातच नाही काढलं. म्हटलं, बापानं एकदा टोचून घेतलं तेवढं पुरे.”

एवढं बोलून त्याने मला नमस्कार केला आणि बैल जुंपायला गेला. मी त्याला थांबवलं नाही. त्याच्या दंडावरच्या खुणा तुमच्या हातच्या नव्हत्या, बाबा. कोणाच्या होत्या ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं.

आता देवी काढणं फार सोपं झालं आहे. वासराच्या अंगावर लस वाढवतात, नळीत भरून पाठवतात. तुमच्या वेळी लस लेकराच्या दंडावरच प्रवास करायची. एका गावात एका लेकराला टोचायचं, आठव्या दिवशी त्याच्या दंडावर फोड पिकून वर येतो, त्यातलं पाणी घेऊन पुढच्या गावातल्या लेकरांना टोचायचं, मग त्यातल्याच एकाला आईसकट त्याच्या पुढच्या गावी न्यायचं. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत ही साखळी तुम्ही तुटू द्यायची नाही, कारण ऊन वाढलं की लस मरते. तुमच्या टोचायच्या नस्तरांची लाकडी पेटी, खांद्यावरची पडशी आणि पुढे चालणारी, लेकरू कडेवर घेतलेली एखादी बाई, अशी ती मिरवणूक मला अजून दिसते. आठवा दिवस तुम्ही मला किती वेळा शिकवला त्याची गणती नाही. “पाणी मोत्यावाणी असलं तं घेजो. पिवळं पडलं तं हात लावू नोको. पिवळ्या पाण्यानं वण उठते, पण देवी थांबत नाही. अन् वण उठला म्हणून लोकं बेफिकीर होते, ते त्याहून वाईट.”

आठव्या दिवशी आपल्या लेकराला कडेवर घेऊन दुसऱ्या गावी चालत जायला कोणती आई राजी होते? दंडाचा फोड फोडू द्यायचा, त्याला मातामाय लागेल की काय ही भीती उराशी धरायची, वर एक दिवसाची मजुरी बुडवायची. तुम्ही तिची ओटी भरायचात. खण, नारळ, मूठभर तांदूळ, आणि लेकराच्या कपाळी हळदीकुंकू. ही रीत कुठल्या सरकारी हुकमात नव्हती, तुमचीच होती. खण यायचे आईच्या पेटीतून. माहेरहून आलेले, सणावाराला मिळालेले. एका सकाळी तुम्ही पेटी उघडून बसलात तेव्हा चुलीपुढून तिने मान न वळवता विचारलं होतं, “पगार सरकार देते तुमाले, अन् सरकारच्या बाया-लेकरायच्या ओट्या मी भरून राहिली काय?” तुम्ही म्हणालात, “मंग सरकार कोण आहे? तूच तं आहे.” ती हसली, पण भाकरी तव्यावर जरा जोरात आदळली. तुम्ही पेटीतून दोन खण काढले होते, त्यातला एक परत ठेवलात. कामावरून आल्यावर तुम्हाला अंगणात आंघोळ केल्याशिवाय ती स्वयंपाकघरात येऊ देत नसे. कोणाकोणाच्या दंडाला हात लावून आलात म्हणून. तुम्ही थंडीत काकडत आंघोळ करायचात आणि ओसरीवर बसून जेवायचात. तिच्याशी या बाबतीत कधी वाद घातला नाहीत. तुमचा वाद गावातल्या पाटलांशी असायचा. वस्तीबाहेरच्या लेकराच्या दंडाची लस आमच्या लेकरांना नको, असं ते म्हणायचे. तुम्ही शांतपणे विचारायचात, “मातामाय येते तवा घर पुसून येते काय, पाटील?” आणि पेटी बंद करून उठायचं नाटक करायचात. बहुतेक वेळा ते तुम्हाला परत बसवायचे.

मग तेजी आली. अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला की शेतकरी बैलांच्या शिंगांना चांदी मढवू लागले. त्या हिवाळ्यात वेचणीची मजुरी इतकी चढली की बायका पहाटे शेतात जायच्या आणि दिवस मावळल्यावर यायच्या. तुमच्यासोबत दुसऱ्या गावी चालायला कोणी मोकळं नव्हतं. आणि त्याच हिवाळ्यात सरकारने सडका बांधायला काढल्या. अमरावतीपासून रेल्वेच्या वाटेपर्यंत मुरुमाचे ढीग, रोलर ओढणाऱ्या बैलांच्या रांगा, नाल्यांवर मोऱ्या. सडक वाईट होती असं मी कधीच म्हटलं नाही. तिच्यावरून आपणही चाललो. पण तुम्ही दोन अर्ज केले होते: चार महिन्यांसाठी एक बैलगाडी, आणि लेकरू घेऊन चालणाऱ्या बाईला तिच्या दिवसाची मजुरी. अर्ज मीच लिहिले, अक्षर माझं बरं होतं. उत्तर आलं की या खर्चाला अंदाजपत्रकात सदर नाही. तुम्ही तो कागद घडी करून पडशीत ठेवलात आणि म्हणालात, “चाल, गाव दूर आहे.”

तुम्हाला राग का येत नाही हे मला तेव्हा कळायचं नाही. मला यायचा. मी एकोणीस वर्षांचा होतो, तुमच्या हाताखाली बिनपगारी उमेदवार होतो. अमरावतीच्या वाचनालयात जे हाताला लागेल ते वाचत होतो, मराठी वर्तमानपत्रं तर तारखेसकट पाठ म्हणून दाखवायचो. पट्टी आपण देतो आणि सडक कापसाच्या गाठींसाठी होते, हे वाक्य माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. आजही मी ते खरं मानतो. लोकांच्या पैशातून लोकांच्या जिवासाठी आधी खर्च झाला पाहिजे, मालासाठी नंतर, यावर मी आजवर मागे हटलो नाही आणि हटणार नाही. हे पत्र त्या मताविरुद्ध नाही. पण त्या मतामागे मी एक गोष्ट उभी केली आहे, आणि ती गोष्ट खोटी आहे.

त्या पौषात तुम्हाला हिवताप आला. तुम्ही घोंगडीखाली कुडकुडत होता आणि साखळी तिवस्याच्या सडकेवरच्या एका मोठ्या गावात होती. तिथे वस्तीबाहेरच्या एका बाईच्या लेकराला टोचलेलं होतं. आठव्या दिवशी तिला घेऊन दोन कोसांवरच्या गावी जायचं होतं, जिथे कोतवालाने लेकरं जमवून ठेवली होती. तुम्ही पेटी माझ्या हातात दिलीत. पहिल्यांदाच दिलीत. “आठव्या दिवशी जाजो. नवव्या नाही.” आईने खण दिला, तो हिरवा होता.

मी आठव्या दिवशी सकाळी त्या गावी वेळेवर पोचलो. हे खरं आहे. सडकेच्या कडेला लिंबाखाली ती बाई बसली होती, लेकरू मांडीवर, दंडावर धुतलेलं फडकं सैल गुंडाळलेलं. तिने मला पाहिलं आणि उठली. मी हाताने तिला थांबायची खूण केली, कारण चावडीपुढे गर्दी होती. सडकेचे साहेब आले होते, सोबत तहसीलदार. सडकेसाठी कोणाचं किती शेत जाईल ते सांगत होते. मी मागे उभा राहिलो. फक्त ऐकणार होतो. तहसीलदारांनी सांगितलं की ही सडक रयतेच्या कल्याणासाठी आहे, आणि मला राहवलं नाही. मागूनच विचारलं, “मग दवाखान्याला गाडी का नाही?”

लोकांनी वळून पाहिलं. एक गाडीवान म्हणाला, “अरे, हा तं देवीवाल्याचा पोरगा. जीभ पाहा ह्याची, नस्तरावाणी.” पाटील म्हणाले, “येऊ द्या त्याले पुढे. बोल बे, बोल.” मी पुढे गेलो, चावडीच्या पायरीवर चढलो आणि बोललो. कापसाच्या गाठीला पाणी लागू नये म्हणून नाल्यावर मोरी बांधता, मग माणसाच्या लेकराला माता लागू नये म्हणून काय बांधलं? एक नस्तर आणि एक म्हातारा. हे वाक्य मला तिथेच सुचलं, बाबा, आणि अजून मी ते वापरतो. लोक एकदम गप्प झाले. असं गप्प होणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ते पुन्हा ऐकावं म्हणून मी पुढे बोलत राहिलो.

डोक्यांवरून मला लिंब दिसत होता. ती उभी होती. सावली सरकली तशी ती सरकून उभी राहिली. मला ती दिसली, हे मी इथे लिहून ठेवतो. मला वाटलं, एवढा एक मुद्दा झाला की निघू. मग साहेब निघून गेले आणि लोक म्हणाले, हे सगळं कागदावर उतरवून द्या, आम्ही अंगठे करतो. मी चावडीत बसलो. बाहेर पाहिलं तेव्हा लिंबाखाली कोणी नव्हतं. दुपार टळली होती. त्या रात्री पाटलांकडे जेवलो आणि नववा दिवस सगळा अर्ज लिहिण्यात गेला, कारण शेजारच्या गावचेही लोक अंगठे करायला येत राहिले. दवाखान्याला गाडी द्यावी, लेकरू नेणाऱ्या बाईची मजुरी द्यावी, असं त्यात लिहिलं होतं. फार चांगला अर्ज होता. त्याचं उत्तर कधी आलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मी तिच्या शेतात गेलो. ती कमरेच्या ओट्यात कापूस घेऊन वाकलेली होती. लेकरू बांधावर, झोळीत.

“परवा आली होती मी, भाऊ,” ती म्हणाली. “तुमी बोलून राहिले होते.”

“मग हाक का नाही मारली?”

तिने माझ्याकडे पाहिलं. थट्टा करतोय की काय असं तिला वाटलं असावं. “चावडीत हाक मारू?” ती म्हणाली.

तरी ती आली. दोन दिवसांची मजुरी बुडाल्यासारखी झाली तरी आली, कारण तुम्ही तिच्याकडून शब्द घेतला होता. वाटेत मी लेकराच्या दंडावरचं फडकं सोडलं. फोड पिवळा पडला होता, कडेने लाल झाला होता. मला दिसत होतं. मला तुमचे शब्दही आठवत होते. दोन कोस चालताना मी मनाशी हिशेब केला की लेकरं जमवलेली आहेत, गाव पुन्हा जमणार नाही, साखळी तुटली असं घरी जाऊन सांगणं मला जमणार नाही, आणि कदाचित चालेल. त्या गावी मी एकेका लेकराचा दंड धरून तीन-तीन जागी टोचलं. तिची ओटी भरली, हिरवा खण दिला. ती परत गेली.

तुम्ही बरे होऊन त्या गावी गेलात तेव्हा मी मागाहून येऊन मिळालो. दंडांवर खपल्या होत्या, लवकर धरलेल्या, वेड्यावाकड्या. एक लेकरू, दुसरं लेकरू, तिसरं. तुम्ही प्रत्येक दंड उजेडाकडे वळवून पाहिलात. मग मला बाजूला घेऊन विचारलंत, “कितवा दिवस होता?”

मी म्हणालो, “आठवा.”

तुम्ही मान हलवली. तुम्हाला पटलं असं मला वाटलं. तुम्ही गावकऱ्यांना सांगितलंत की पुन्हा टोचावं लागेल. ते म्हणाले, एकदा वण उठला, आता दुसऱ्यांदा मातामायला कशाला डिवचायचं. नवी लसही नव्हती. तुम्ही अकोल्याला निरोप पाठवून काचेच्या नळीतली लस मागवलीत. ती येईपर्यंत ऊन चढलं होतं. तुम्ही ती आधी स्वतःच्या ओळखीच्या दोन घरांत टोचून पाहिलीत, काहीच उठलं नाही. मेलेली लस ती एवढीच होती, बाबा. माझ्या भाषणात जी आहे ती तिथून उचललेली आहे. चैत्रात त्या गावाला देवी आल्या. किती लेकरं गेली ते मी लिहीत नाही. तुम्ही घरोघर गेला होता, मी गेलो नव्हतो.

डॉक्टरसाहेबांनी चौकशी केली तेव्हा तुम्ही मला बाहेर उभं केलंत. दार उघडं होतं. तुम्ही म्हणालात, टोचलं मीच. डोळ्यांना आता नीट दिसत नाही, पाणी पिवळं होतं ते कळलं नाही. साहेबांनी दोनदा विचारलं, तुम्ही दोनदा तेच सांगितलंत. हिवतापात तुम्ही अंथरुणावर होता हे दवाखान्यात कोणाला ठाऊक नव्हतं, कारण रजा मिळत नाही म्हणून तुम्ही ते कळवलंच नव्हतं. तुमची नोकरी गेली. दवाखान्याच्या फाटकापासून आपण घराकडे चालत निघालो. आपल्या गल्लीच्या तोंडाशी तुम्ही थांबलात. “त्या बाईले मी आधीच विचारलं होतं,” तुम्ही म्हणालात. “तिच्या गावावरूनच गेलो ना. लिंबाखाली बसली होती म्हणे दुपारपावतर.” मी खाली पाहिलं. “तुले बोलता येते. चांगलं आहे. बोलत जाय. पण कोण वाट पाहून राहिलं ते पाहून बोलत जाय.” एवढंच. मग नस्तराची पेटी माझ्या हातात दिलीत. ती सरकारी नव्हती, तुमची स्वतःची होती. मला वाटलं पुन्हा मागाल. तुम्ही कधी मागितली नाहीत.

त्यानंतर आपण मूर्तिजापूरला गेलो. स्टेशनाबाहेर तुम्ही लोकांची पत्रं लिहून द्यायचात आणि फावल्या वेळात बैलांच्या झुलींना ठिगळं लावून द्यायचात. तिथेच गेलात. तुम्ही गेल्यावर लोक तुमच्याबद्दल जे बोलत ते मला ऐकवेना: लेकरं मारणारा देवीवाला. तुमच्यावरचा डाग पुसायचा म्हणून मी पहिल्यांदा सभेत म्हणालो की लसच मेलेली होती, सरकारने पाठवली होती. त्या बाईला मालकाने वेचणीतून सोडलं नाही म्हणून साखळी तुटली, असंही एक वाक्य जोडलं. मला वाटलं, यात कोणाचं काय जातं? सरकारने गाडी दिली नाही हे खरंच होतं, मजुरी दिली नाही हे खरंच होतं. गाडी असती तर मी त्या बाईला सकाळीच बसवून निघालो असतो, असं मी स्वतःला अजूनही सांगतो. कदाचित गाडीही लिंबाखाली उभी राहिली असती.

शुक्रवारी मी तिवस्याच्या सडकेने त्या माणसाच्या गावी गेलो. वाटेत ते मोठं गाव लागतं, तिथला लिंब अजून आहे. चावडी आता पक्की बांधली आहे, शाळेची एक खोलीही आहे, तिच्यासाठी मी भांडलो होतो. पुढे दोन कोसांवर, त्याच्या गावी, तो माणूस दारातच भेटला. घोंगडी टाकली, पाणी आणलं. आत त्याची बायको पोरीला घेऊन उंबऱ्याशी बसली. मी भाषणासारखं बोलायचं नाही असं ठरवून गेलो होतो. सांगितलं की सरकारची लस खोटी नव्हती. लस चांगलीच होती, एका चांगल्या लेकराच्या दंडावरची होती, पण ती आठव्या दिवशी घ्यायची ती दहाव्या दिवशी घेतली गेली. आता वासराची लस येते, तिच्यात तो धोका नाही. टोचणारा बुधवारी येणार आहे, पोरीला दारात काढ. तो बायकोकडे पाहून म्हणाला, “ऐकलं काय?” ती म्हणाली, “मी तं पहिलेच म्हणून राहिली होती.” आणि पोरीच्या दंडावरची बाही तिने तिथेच वर करून पाहिली, जणू आताच टोचायचं आहे.

काल बुधवार होता. मी पुन्हा गेलो होतो, पाहायला. टोचणारा तरुण आहे, गाडीने येतो. त्याच्या गाडीला सदर आहे. पोरगी रडली, तीन टिपके उठले, झालं.

हे पत्र मी पेटीत ठेवीन, नस्तरांच्या वर. दुसरीकडे कुठे पाठवणार? पुढच्या सभेत तुमची गोष्ट सांगायची नाही एवढं मी ठरवलं आहे. खरी सांगेन असं मात्र मी ठरवलेलं नाही, आणि तुम्हाला खोटं लिहायला हे पत्र नाही.

एक राहिलं. शुक्रवारी मी निघालो तेव्हा तो माणूस सडकेपर्यंत आला होता. म्हणाला, “मनाले लावून घेऊ नोका. तुमच्या बाबाले दिसत नोहतं म्हणे. म्हातारा माणूस. होते असं एखाद्या वेळी.” तुम्ही मूर्तिजापूरला शेवटच्या वर्षापर्यंत झुलींना ठिगळं लावत होता आणि तिन्हीसांजेला दिव्याशिवाय सुईत दोरा ओवत होता, ते मला आठवलं. मी त्याला म्हणालो, “हो, दिसत नव्हतं त्यांना.”